दोन मिनिटांत आलोच (मुक्काम पोस्ट डब्लिन)

लग्नाला बारा वर्षं झाली म्हणून कुठेतरी लांब जाऊ म्हटलं, बायकोला हिरवे डोंगर आणि समुद्र बघायचा होता आणि मला पब. आयर्लंडमध्ये दोन्ही आहे हे मी इतक्या निरागस चेहऱ्याने सांगितलं की तिने लगेच ओळखलं. तरी आली बरं का.

पहिल्याच दिवशी गिनेस स्टोअरहाऊस, म्हणजे गिनेस ह्या काळ्या बिअरचं म्युझियम. डोंगर परवा. तळमजल्यावर एक जुना करारनामा जमिनीतच काचेखाली ठेवलाय, 1759 साली आर्थर गिनेसने ही जागा वर्षाला 45 पौंड भाड्याने चक्क 9000 वर्षांसाठी घेतली त्याचा. आमच्याकडे दर अकरा महिन्यांनी अॅग्रीमेंट रिन्यू करताना घरमालकाशी भांडायचं खातं बायकोकडे, त्यामुळे ती वाकून वाकून बघत होती. मी चान्स मारला, "बघ, तू वटपौर्णिमेला नुसते सात जन्म मागतेस, ह्या गड्याने डायरेक्ट 9000 वर्षं मागितली."

"जागेसाठी मागितली. बायकोसाठी नाही."

पुढे मी काही बोललो नाही, कारण ह्याच आर्थरच्या बायकोला 21 मुलं झाली आणि त्यातली दहाच जगून मोठी झाली, हे मी आदल्या रात्री वाचलं होतं आणि ते तिला कळलं असतं तर माझी संध्याकाळ तिथेच संपली असती.

वरच्या मजल्यावर पिंट, म्हणजे बिअरचा मोठा ग्लास, भरायला शिकवतात. ग्लास 45 अंशात तिरका धरायचा, पाऊण भरायचा आणि मग थांबायचं. नुसतं थांबायचं! आतले नायट्रोजनचे बुडबुडे खाली उतरताना दिसतात, काळा रंग हळूहळू जमतो, मग उरलेला ग्लास भरायचा. सगळं मिळून 119.5 सेकंद. बायकोने मोबाईलवर घड्याळ लावलं होतं. "अहो," (ही एरवी अरे-तुरे करते, अहो आलं की समजायचं काहीतरी निघतंय) "दोन मिनिटं म्हणजे एवढीच असतात होय? तुम्ही मित्रांकडून दोन मिनिटांत निघतो म्हणता ती कुठली?"

संध्याकाळी एका जुन्या पबात स्नगमध्ये जागा मिळाली. स्नग म्हणजे लाकडी भिंतींची चिमुकली खोली, काउंटरकडे उघडणारी एक खिडकी. पूर्वी बाईमाणसाने चारचौघांत प्यायलेलं दिसू नये म्हणून बायका इथे बसायच्या. बायको म्हणे आपल्या घरी बनवून घेऊया, तुझे मित्र आले की मी आत. मी स्वतःला पिंट, तिला हाफ सांगितला. खिडकीतून ग्लास आले तसे तिने शांतपणे अदलाबदल केले. हाफ माझ्याकडे.

"सात जन्म, ऐंशीच्या हिशोबाने किती रे?"

"560 वर्षं."

"आणि हा पिंट?"

"568 मिली."

मग ती बराच वेळ काही बोलली नाही, फेसाची मिशी लावून पीत बसली. शेवटी ग्लास माझ्याकडे सरकवला. तळाशी साधारण आठ मिली उरली होती.