परडीची २७ पिल्लं

पाटोदा तालुक्यातल्या झेडपी शाळेत विज्ञान शिकवतो, १४ वर्षं झाली. यंदा जूनमधे शाळा उघडून दोनच दिवस झालेले, सातवीला फळ्यावर पृष्ठवंशीय प्राण्यांचा तक्ता काढत होतो, मासे, उभयचर, सरीसृप, पक्षी, सस्तन, आणि सरीसृपांपुढं लिहिलं 'अंडी घालतात'. तेवढ्यात खिचडीवाल्या मावशी ओरडतच आल्या, "सर, पळाट्यात परड हाय!"

परड म्हणजे घोणस, जहाल विषारी साप. सुट्टीभर पळाट्यांचं, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचं सरपण तसंच पडलेलं, त्यात बसली होती, आणि कुकरची शिट्टी सुटावी तसा आवाज. अंगावर साखळीसारखे तपकिरी ठिपके बघून दोघंतिघं म्हणाले अजगराचं पिल्लू असंल, धरून बाजूला टाकू. ह्याच गैरसमजानं माणसं मरतात हो! लेकरांना ग्राउंडच्या पार टोकाला नेऊन बसवलं, सर्पमित्राला फोन लावला, त्यांनी येऊन अलगद पिशवीत घेतली आणि जाताना म्हणाले, "सर, गाभण हाय ही."

रात्री ११ ला त्यांचा व्हिडिओ आला. टबात वीतवीतभर पिल्लं, वळवळणारी, मोजली तर २७.

दुसऱ्या दिवशी वर्गात मोबाईलवर दाखवला. मागच्या बाकावरची एक पोरगी, जी कधी तोंड उघडत नाही, ती उभी राहिली, "सर, काल तं तुम्ही लिहिलं अंडी घालतात. मंग ही सस्तन झाली का?"

मला उत्तर माहीत होतं आणि तरी मी इतकी वर्षं तेच अर्धवट वाक्य लिहीत आलो, खूप वाईट वाटलं. सांगितलं की घोणशीची पिल्लं आईच्या पोटातच वाढतात आणि जिवंत बाहेर येतात, मांडूळाचंही तसंच. मग तिलाच विचारलं, पिल्लांना दूध पाजत असंल का? नाही, ती आपापल्या वाटेनं जातात, विष सुद्धा पहिल्या दिवसापासून असतं. ती थोडं थांबून म्हणाली, "मंग सस्तन नाही." मी म्हणलं बरोबर, आणि उलटं बघ, ऑस्ट्रेलियातला प्लॅटिपस अंडी घालतो पण पिल्लांना दूध पाजतो, अंगावर केस आहेत, म्हणून तो सस्तन. मग एकानं विचारलं वटवाघूळ पक्षी का नाही, तर दुसराच ओरडला, "त्याला पिसं कुठंत!"

पुढचे दोन तास तक्ता बाजूलाच राहिला. माझ्याकडं जुनी धामणीची कात होती ती हातोहात फिरवली, कोरडी, खवल्याखवल्यांची. डबक्यातला बेडूक पोरांनीच आणला, हात ओले करून धरला, त्याची कातडी ओलसर कारण तो तिच्यातूनही श्वास घेतो. हाताला लागलेला फरक लेकरं विसरत नाहीत.

वनखात्याला कळवून परड आणि पिल्लं सर्पमित्रांनी गावापासून लांब माळावर सोडली. फळ्यावरचं वाक्य त्या पोरीनंच पुसलं आणि लिहिलं, 'बहुतेक अंडी घालतात, काही पिल्लं देतात.'