खाडाखोड न करता

वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी पुण्यातील एका महाविद्यालयात छायाचित्रणाच्या एक वर्षाच्या पदविकेला प्रवेश घेतला. वर्गातील बाकीची मुले अठरा-एकोणीस वर्षांची होती. त्यांनी पहिल्याच दिवशी मला ‘काकू’ करून टाकले, तर वयाने माझ्या मुलाएवढे असणारे आमचे सर मला शेवटपर्यंत ‘मॅडम’ म्हणत राहिले. कॅमेरा हाताळणे मला फारसे जड गेले नाही. गाडी अडली ती फोटोशॉपपाशी. हा प्रोग्राम १९९० साली बाजारात आला आणि मी बँकेत लागले तेही १९९० सालीच. पण आमची गाठ पडायला इतकी वर्षे जावी लागली.

पहिली अडचण चष्म्याची होती. बायफोकलच्या खालच्या भागातून पडदा पाहायचा म्हणजे हनुवटी सतत वर करून बसावे लागे आणि तासाभरात मान भरून येई. संगणकाच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घेतला, तेव्हा कुठे टूलबारमधील बारीक चित्रे एकमेकांपासून वेगळी दिसू लागली.

प्रकल्पासाठी मी वडिलांचा एक जुना फोटो निवडला. साडेतीन बाय पाच इंचांचा, स्टुडिओत काढलेला, कोटावरून आडवी चीर गेलेला हा फोटो वाईला काकांकडे होता. तो आणून ६०० डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन केला, म्हणजे २१०० बाय ३००० पिक्सेल मिळाले, आणि फोटो काकांना परत पोचता केला. मग घरच्या ग्रुपवर टाकण्यासाठी ती फाइल ८०० पिक्सेलची केली आणि सवयीने ‘सेव्ह’ दाबले. मूळ स्कॅन गेला. दुसरी प्रत ठेवली नव्हती, त्यामुळे पुन्हा एसटीने वाई गाठावी लागली.

यावर सरांनी लेअर, म्हणजे फोटोवर चढवायचे थर, शिकवले आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा ओळखीच्या गावात आल्यासारखे वाटले. हाताने लेजर, म्हणजे बँकेची खातेवही, लिहिण्याच्या काळात चुकीची नोंद खोडरबराने पुसायची नाही, तिच्यावर पांढरी शाई लावायची नाही, तर उलटी नोंद टाकून दोन्ही नोंदी दिसत ठेवायच्या, हे आमच्या हाडीमांसी खिळलेले होते. इथेही खालचा मूळ फोटो तसाच ठेवायचा आणि प्रत्येक दुरुस्ती त्याच्यावरच्या वेगळ्या थरात करायची. फोटो फिका पडला होता, म्हणजे काळ्यासाठी ० आणि पांढऱ्यासाठी २५५ असे माप धरले तर त्यातील सगळे करडे रंग मधल्या पट्ट्यातच दाटले होते. लेव्हल्सच्या, म्हणजे हे माप बदलणाऱ्या, अॅडजस्टमेंट लेअरमध्ये दोन्ही टोकांचे त्रिकोण आत सरकवले, तसा काळा कोट काळा दिसू लागला. चीर बुजवताना क्लोन स्टॅम्पने, म्हणजे फोटोतील एका जागेचा नमुना दुसरीकडे उमटवणाऱ्या साधनाने, मात्र रडवले. ऑल्ट दाबून एकाच जागेचा नमुना पुन्हा पुन्हा घेतल्यामुळे कोटाच्या कापडावर छापील नक्षी उमटली. नमुना चिरेच्या अगदी लगतचा घ्यायचा आणि दर दोन-चार ठिपक्यांनी बदलायचा, हे तीन वेळा बिघडल्यावर कळले.

शेजारी बसणारी मुलगी मदतीला आली. “काकू, तोंडावरचे डाग राहिलेत,” असे म्हणून तिने नव्या लेअरवर हीलिंग ब्रशने, म्हणजे डाग आजूबाजूच्या रंगात मिसळून टाकणाऱ्या साधनाने, दहा मिनिटांत दोन्ही गाल गुळगुळीत करून दिले. मी पाहिले तर समोर वडील नव्हतेच. ते देवीचे व्रण होते. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला. असा चेहरा या मुलीने आयुष्यात क्वचितच पाहिला असेल. तिने ओशाळून लेअरचा डोळा, म्हणजे तो दाखवण्या-लपवण्याचे डोळ्याचे चिन्ह, बंद केला आणि व्रण परत आले, पण त्यांच्याबरोबर कागदावर पडलेले बुरशीचे ठिपकेही आले.

आता व्रण कोणता आणि ठिपका कोणता, हे ठरवणे भाग होते. २०० टक्के मोठे करून पाहिल्यावर फरक लक्षात आला. व्रण म्हणजे खळगी, त्यामुळे स्टुडिओतील दिव्याने तिची एक कड उजळलेली आणि दुसरी सावलीत गेलेली दिसते. बुरशीचा ठिपका सपाट असतो, त्याला कड नसते. या खुणेवरून दोन संध्याकाळी एकेक ठिपका तपासून काढला. भुवईजवळच्या दोन ठिपक्यांचा उलगडा होईना, तेव्हा काकांना फोन केला. “दादाच्या भुवईत खोक होती, विहिरीत पडला होता तेव्हाची,” असे ते म्हणाले. ते दोन्ही तसेच ठेवले.

३०० डीपीआयने सात बाय दहा इंचांची प्रिंट काढली आणि लेअरसकट फाइल जमा केली. डोळा बंद केलेला एक लेअर उगाच का ठेवला आहे, असे सरांनी विचारले. मी त्याला ‘रद्द नोंद’ असे नावच दिले होते. “असू द्या, मॅडम,” ते म्हणाले, “फक्त फाइल फार जड झाली आहे.”