डाव्या हाताची नावं

‘धाकट्यापेक्षा थोरला उजवा’ असं आपण सहज बोलून जातो. मी डावखुरी, म्हणून मला ते जरा खुपतं. पण लॅटिनच्या लेकींचं, म्हणजे इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश अशा तिच्यातून निघालेल्या भाषांचं बोलणं ऐकलं की वाटतं, मराठी फारच सौम्य.

लॅटिनमध्ये ‘डेक्स्टेर’ म्हणजे उजवा आणि कुशलही. आपल्या संस्कृत ‘दक्षिण’चा तो नात्यातलाच, तिथेही हे दोन्ही अर्थ एका शब्दात नांदतात. त्याचं इटालियनमध्ये ‘देस्त्रो’ झालं, स्पॅनिशमध्ये ‘दिएस्त्रो’. फ्रेंचांनी उजव्यासाठी ‘सरळ’ या अर्थाचा ‘द्रुआ’ घेतला, पण कसब तिकडेच ठेवलं: ‘आद्रुआ’ म्हणजे हातात कला असलेला. धांदरटाला मात्र ते म्हणतात, याला दोन डावे हात आहेत. मला एकच आहे, आणि त्याने लाटलेल्या पोळ्या गोल होतात.

डाव्याची खरी फरफट नावावरून. रोमन शकुनात डावीकडचा कौल एके काळी शुभ होता. पुढे ग्रीकांच्या नादाने तो अशुभ ठरला आणि डाव्यासाठीचा लॅटिन ‘सिनिस्टेर’ शब्दच बदनाम झाला. रात्री सापाचं नाव न घेता ‘जनावर’ म्हणावं, तसे लोक नवे शब्द शोधू लागले. इटालियनने ‘सिनिस्त्रा’ जपला खरा, पण डावखुऱ्याला म्हटलं ‘मांचिनो’. त्याचं मूळ ‘लुळा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात. लिओनार्दो दा विंची असा मांचिनो होता! फ्रेंचांच्या ‘गोश’ला अजागळपणा चिकटला. रुमानियनमध्ये ‘स्तिंगाच’ म्हणजे डावखुराही आणि वेंधळाही. स्पॅनिशने ‘इस्किएर्दो’ घेतला, तो शेजारच्या बास्क भाषेच्या वळणाचा. जुना शब्द तिथे विम्याच्या कागदांत उरलाय: गाडीचा पार चुराडा झाला की ‘सिनिएस्त्रो तोताल’.

पण याच स्पेनमध्ये एक गंमत आहे. बैलझुंजीतल्या मातादोरलाही ‘दिएस्त्रो’ म्हणतात. तो प्रकार मला मुळीच पसंत नाही, तरी एवढं सांगते की जाणकार ज्याला मानतात तो ‘नातुराल’, म्हणजे बैलाला कापडामागे खेळवण्याचा एक पवित्रा, डाव्या हाताचा. उजव्या हाताने खेळताना तलवारीने लाल कापड ताणून मोठं करता येतं. डाव्यात ते तसंच लोंबतं, लहान, आणि बैल त्याच्यामागून अंगाला घासून जातो.

रोजच्या बोलण्यातही तेच. समोरच्याला न दुखवता, गोडीगुलाबीने, थोड्या चलाखीने अवघड काम काढून घेणाऱ्याबद्दल स्पॅनिश माणूस म्हणतो, याच्याकडे ‘मानो इस्किएर्दा’ आहे, म्हणजे डावा हात. साहेब तापलेला असताना त्याच्याकडून रजा मंजूर करून आणणारा प्रत्येक ऑफिसात एक असतोच. तो पेन कुठल्याही हातात धरो.