तुम्ही विचारलंत म्हणून: व्हिटनीची पत्रं मी का वाचते

प्रश्न दर वेळी जवळजवळ त्याच शब्दांत येतो. "तुझ्या वडिलांनी, आप्पांनी, जन्मभर पाणिनी शिकवला, आणि तू पाणिनीला नावं ठेवणाऱ्या त्या अमेरिकन प्रोफेसरची घरगुती पत्रं वाचत बसतेस. का?" नगरला नातेवाईक विचारतात, इथे न्यू हेवनला येणारे पाहुणे विचारतात. आप्पांचे जुने विद्यार्थी फोन करून विचारतात, आणि त्यांच्या आवाजात मला हल्ली प्रश्नापेक्षा ठपकाच जास्त ऐकू येतो. म्हणून एकदाच, सविस्तर.

विल्यम ड्वाइट व्हिटनी, म्हणजे एकोणिसाव्या शतकातला न्यू हेवनच्या येल विद्यापीठाचा संस्कृतचा प्राध्यापक, कोण हे विचारणाऱ्यांना सांगायची गरज नाही. त्याचं संस्कृत व्याकरण तुमच्यापैकी कित्येकांनी एम. ए.ला उघडलेलं आहे. पण 'नावं ठेवणारा' हे मला मान्य नाही. पाणिनीची बुद्धी त्यानं नाकारली नव्हती. त्याचं म्हणणं असं होतं की संस्कृतचा अभ्यास वेगळा आणि भारतीय व्याकरणशास्त्राचा अभ्यास वेगळा. धातुपाठात, म्हणजे पाणिनीय परंपरेतल्या क्रियापदांच्या मूळ रूपांच्या यादीत, सुमारे दोन हजार धातू आहेत, त्यांतले निम्म्याहून अधिक उपलब्ध वाङ्मयात कुठेच सापडत नाहीत, तेव्हा त्यांच्यावर विश्वास का ठेवायचा? हे त्यानं १८८४ साली लेख लिहून मांडलं आणि १८८५ साली प्रत्यक्ष सापडणाऱ्या धातूंचा स्वतंत्र ग्रंथच काढला. त्याचा सूर बोचरा होता, हे मी कबूल करते. ज्या देशाची भाषा तो शिकवत होता त्या देशात त्यानं कधी पाऊल ठेवलं नाही, हेही खरं.

आता 'घरगुती' या शब्दाबद्दल. येलच्या स्टर्लिंग ग्रंथालयात व्हिटनी घराण्याचे कागद आहेत. लोकांना वाटतं, विद्येची पत्रं एका बाजूला आणि घरची दुसऱ्या बाजूला, आणि मी चुकीचा ढीग उपसतेय. या माणसाच्या बाबतीत असे दोन ढीग करताच येत नाहीत. संस्कृत त्याच्या हाती आलं तेच घरातून. १८४५ साली विल्यम्स कॉलेजातून पदवी घेऊन तो वैद्यकीकडे निघाला होता. गोवर निघाला, अंथरुणाला खिळला, आणि थोरल्या भावानं जर्मनीहून आणलेलं बॉप या जर्मन भाषापंडिताचं संस्कृत व्याकरण त्यानं उघडलं. हा भाऊ म्हणजे जोसाया व्हिटनी, भूगर्भशास्त्रज्ञ. कॅलिफोर्नियातलं माउंट व्हिटनी हे शिखर त्याच्या नावाचं. पुढे तीन वर्षं नॉर्थॅम्प्टनच्या बँकेत नोकरी करत विल्यम संस्कृत शिकला. १८४९ च्या उन्हाळ्यात भावाबरोबर लेक सुपीरियरच्या सर्वेक्षणाला गेला, तिथे वनस्पती आणि हिशेब ही दोन्ही कामं त्याच्याकडे. बहीण मारिया ही एमिली डिकिन्सनची मैत्रीण, कवयित्रीनं तिला लिहिलेली पत्रं प्रसिद्ध आहेत. धाकटा जेम्स बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयात. अशा घरात कुशल विचारणारं पत्र कुठे संपतं आणि विद्येचं कुठे सुरू होतं, ते मला कुणी दाखवून द्यावं.

पैशाचंही तसंच. १८५४ साली तो येलमध्ये संस्कृतचा प्राध्यापक झाला खरा, पण तेवढ्यावर संसार चालत नव्हता. सहा मुलं झाली. जर्मन आणि फ्रेंच शिकवून, त्यांची पाठ्यपुस्तकं लिहून त्यानं वर्षानुवर्षं घर चालवलं. १८७० च्या आसपास हार्वर्डनं बोलावलं, तेव्हा त्याचे गुरू सॉल्झबरी यांनी स्वतःचे पैसे घालून त्याचं प्राध्यापकपद पक्कं केलं आणि त्याला येलमध्येच ठेवून घेतलं. आपल्याकडे 'विद्वानाला पोटाची चिंता नसावी' असं म्हणतात आणि ती चिंता त्याच्या चरित्रातून पुसून टाकतात. पत्रांतून ती पुसता येत नाही. माझ्यासाठी हे एवढं कारणसुद्धा पुरेसं आहे.

पण तुम्हाला ते पुरत नाही, हे मला दिसतं. तुम्हाला आप्पांबद्दल ऐकायचं असतं. तेही सांगते.

मी अमेरिकेत आल्यावर आप्पा एरोग्रामवर लिहायचे. 'चि. सौ. हिस अनेक आशीर्वाद' अशी सुरुवात, मग आईच्या गुडघ्यांचं, पावसाचं, शेजारच्या वाड्याच्या भांडणाचं, आणि तिथूनच, मध्ये ओळसुद्धा न सोडता, एखाद्या सूत्रावर उतरायचे. घडी घालायची जागासुद्धा भरलेली असायची. मी उत्तरात व्हिटनी पुढे करायची. ते पाणिनीच्या सूत्रांवरचं पतंजलीचं महाभाष्य पुढे करायचे. दोघांनाही त्यात आनंद होता, निदान मला तसं वाटत होतं.

मग एका अमेरिकन त्रैमासिकात माझा लेख आला. धातुपाठाच्या वादात मी व्हिटनीची बाजू घेतली होती. लिहिलेला पुरावा नसेल तर धातू मान्य करू नये, असं स्वच्छ म्हटलं होतं. लेखाची प्रत आप्पांना पाठवली. पोचल्याचं आईनं कळवलं. त्यानंतर पत्रं यायची ती आईच्या अक्षरात. पाऊस असायचा, गुडघे असायचे, आप्पा नसायचे. फोनवर ते "बरी आहेस ना" म्हणून आईकडे रिसीव्हर द्यायचे. मी आईला विचारलं, ते रागावलेत का? ती म्हणाली, "रागावले असते तर बोलले असते." मी त्यावर बरीच वर्षं विचार केला आहे. राग नसेल तर काय होतं? माझ्या लेखात त्यांचं नाव नव्हतं, पण 'परंपरेचे अभिमानी' असा शब्दप्रयोग होता, आणि माझ्या ओळखीत परंपरेचा अभिमानी असा दुसरा कोण होता?

बऱ्याच काळानं एक एरोग्राम आला. अक्षर त्यांचं होतं. वर 'चि. सौ.' नव्हतं, आशीर्वाद नव्हते. पहिल्या ओळीपासून शास्त्रार्थ. 'चमु, छमु, जमु, झमु' या खाणं अर्थाच्या धातूंच्या रांगेत काही जण 'जिमु'ही वाचतात. संस्कृत ग्रंथांत तो शोधून सापडत नाही. तुझ्या हिशेबानं तो बनावट. मग आपण रोज दोन वेळा 'जेवतो' ते कुठून आलं? खाली ब्यूलरचा दाखला होता. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेला हा जर्मन पंडित १८९४ साली हेच म्हणाला होता, की ग्रंथांत न सापडणारे पुष्कळ धातू पाली, प्राकृत आणि आजच्या बोलींत जिवंत आहेत. शेवटी सही होती. 'तुझे आप्पा' नव्हे, पूर्ण नाव, जसं त्रैमासिकाच्या संपादकाला लिहावं तसं.

मी उत्तर लिहिलं, की एका 'जेवणे'नं हजार धातू सुटत नाहीत. ते पोचण्याआधी आप्पा गेले.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे दुसऱ्या बापाच्या पत्रांत तू आपला बाप शोधतेस. एका जवळच्या व्यक्तीनं मला हे तोंडावर सांगितलं आहे. मला हे पटत नाही. व्हिटनी मला वडिलांसारखा वाटत नाही, त्याच्याबद्दल मला माया नाही, आणि जिथे तो उर्मट आहे तिथे तो मला उर्मटच वाटतो. पण हेही खरं, की कुशल आणि सूत्र एकाच कागदावर लिहिणारा माणूस काय करत असतो हे मला आप्पांमुळे कळलं. ते कळलं नसतं तर मी कदाचित व्हिटनीचे छापील ग्रंथ वाचून थांबले असते.

त्या वेळी लेख लिहिणारी मी म्हणत होते, पुरावा म्हणजे लिहिलेला पुरावा. तिला आज मी अथर्ववेदाचं काय ते विचारते. व्हिटनीनं रोथ या जर्मन वेदपंडिताबरोबर १८५६ साली बर्लिनमध्ये अथर्ववेदाची संहिता छापली ती युरोपातल्या पोथ्या ताडून. पुढे मुंबईत शंकर पांडुरंग पंडितांनी सायणभाष्यासह आपली आवृत्ती केली तेव्हा पोथ्यांबरोबर त्यांनी वैदिकांना समोर बसवलं. त्यांत माहुलीचे केशवभट होते, दक्षिणेत नावाजलेले व्यंकणभटजी होते. त्यांच्या मुखातला पाठ हा पोथीइतकाच पुरावा मानला गेला. पंडित आणि व्हिटनी दोघेही १८९४ सालीच वारले, आवृत्ती पुढे १८९५ ते १८९८ मध्ये निघाली. व्हिटनीचं अथर्ववेदाचं भाषांतर त्याचा शिष्य लॅनमननं पुरं करून १९०५ साली हार्वर्डहून काढलं, त्यात पानोपानी पंडितांचे पाठ नोंदलेले आहेत. म्हणजे माहुलीच्या भटजींचं तोंडपाठ तिथवर पोचलं.

त्यावर ती जुनी मी म्हणते, वेदपाठ जपणारी शिस्त वेगळी आणि धातूंची यादी वेगळी; पाठ घोकला जातो, यादीत कुणीही भर घालू शकतो. याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. लेखातली दोन-तीन वाक्यं मी आज निराळी लिहीन. निष्कर्ष बदलेन की नाही, ते ठरत नाही.

एवढं मात्र ठरलं आहे. न्यू हेवनच्या प्रोफेसरनं भावाला, बहिणीला, गुरूला, रोथला काय लिहिलं ते मला आज मागवून वाचता येतं. माहुलीच्या केशवभटांनी कुणाला काही लिहिलं असेल तर ते कुठे मागायचं? तुम्ही साताऱ्याचे, वाईचे, नगरचे लोक मला विचारता की मी अमेरिकन माणसाचे कागद का वाचते. तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत कुणा वैदिकाची, शास्त्र्याची, पंतोजींची पत्रं असतील तर ती रद्दीत घालू नका, मला कळवा. मोडी असली तरी चालेल, मी वाचते.