बाईंचा हजेरीपट

शाळेविषयी लिहा, असं शाळेच्या महोत्सव समितीचं पत्र आलं. लिहायला बसले, तर लिहिलं जातंय बाईंविषयीच. त्याला इलाज नाही. कुठल्या बाई, ते नववी 'ब'च्या कुणाला सांगायला नको.

१९८२चा पावसाळा. गिरण्यांचा संप जानेवारीत सुरू झालेला, मिटायचं नाव नाही. वर्गातली कितीतरी मुलं कोकणात, घाटावर गावी गेलेली. त्यातच कावीळ आली. सगळ्यांनी खापर फोडलं फाटकाजवळच्या गोळेवाल्यावर, आणि शिपायाने त्याची गाडी हाकलून दिली.

मी मॉनिटर. बाईंनी हजेरीपट माझ्यापुढे सरकवला. "गैरहजर म्हणजे आजारी नव्हे गं. गावी कोण नि कावीळ कुणाला, वेगळं लिही." मी पेन्सिलीने नावांपुढे 'गा' आणि 'का' लिहीत बसले. मग म्हणाल्या, "आता हजर आहेत त्यांना विचार, गोळा कोण कोण खातं. आणि कालपरवाचं नको, मागचा महिनाभर धर." धडधाकट मुलांना कशाला विचारायचं, मला कळेना. विचारलं, तर जवळजवळ सगळेच खात होते. मीसुद्धा! म्हणजे गोळ्याला दोष देता येईना. मग पत्ते मांडले. 'का'वाली बहुतेक मुलं एकाच चाळीच्या मागच्या अंगाला राहणारी निघाली. तिथल्या नळाची पाइप गटारातून गेलेली. बाई ती वही घेऊन वॉर्ड ऑफिसात गेल्या. पाइप बदलायला गणपती उजाडले, गोळेवाला मात्र त्याआधीच परत आला.

कावीळ अंगात शिरल्यापासून डोळे पिवळे व्हायला पंधरा ते पन्नास दिवस लागतात, हे मी शिकले मेडिकलला गेल्यावर. आजारी आणि निरोगी, दोघांनाही तोच प्रश्न विचारण्याला केस-कंट्रोल अभ्यास म्हणतात, हेही तिथलंच. दवाखाना न टाकता मी साथरोगशास्त्राकडे वळले तेव्हा घरी कुणी धड बोलत नव्हतं. बाईंनी तेवढं पोस्टकार्ड पाठवलं.

हाफकिन इन्स्टिट्यूटची सहल आठवते ना? आपण गेलो होतो सापांसाठी. बाई मात्र आम्हाला थांबवून हाफकिनसाहेबांबद्दलच बोलत राहिल्या. आपणच बनवलेली प्लेगची लस त्यांनी १० जानेवारी १८९७ला आधी स्वतःला टोचून घेतली, आणि भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा लस घेतलेले कैदी वेगळे मोजले, न घेतलेले वेगळे. मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, नाग!" आणि व्याख्यान संपलं.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा, ताप पसरला. उंदरांच्या लघवीने दूषित झालेलं पाणी आणि पायाला साधं खरचटलेलं असलं, तरी पुरतं. आम्ही त्या पाण्यातून चालूनही ज्यांना काही झालं नाही अशांना शोधत वस्त्यांतून हिंडलो. लोक वैतागायचे. "आम्हाला काय झालंय? आजारी माणसांकडे जा की!" त्यावर लिहिलेले शोधनिबंध पुढे बरेच उद्धृत झाले, परदेशांतून बोलावणी आली. सांगते ते फुशारकीसाठी नाही. बरं, थोडी फुशारकी आहेच.

बाई निवृत्तीनंतर डोंबिवलीला होत्या. एकदा मी त्यांना संशोधकाचं काम मोजणारा एच-इंडेक्स समजावला: वीस निबंध प्रत्येकी निदान वीस वेळा उद्धृत झाले, तर तो वीस. त्या म्हणाल्या, "म्हणजे प्रगतिपुस्तकच की. सही कोण करतं?"

आता शाळेत हजेरी मोबाइलवर घेतात म्हणे. सोय आहे, कबूल. पण त्यात शेऱ्याचा रकाना नाही, आणि नुसत्या 'ए'वरून मूल तापाने पडलंय की गावी गेलंय, कसं कळणार? गिरण्यांच्या जागी टॉवर झाले, चाळी गेल्या, मराठी माध्यमाचे वर्ग रोडावले. त्याबद्दल इतर लिहितीलच.

माझी विनंती एवढीच: मुख्याध्यापकांच्या खोलीवरच्या पोटमाळ्यात जुने हजेरीपट असतील, तर महोत्सवाच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याला देऊ नका. मला कळवा. टेम्पो माझा, हमालीही माझी.