मदत कमी कशी करायची, हेही ठरवावं लागतं

दिव्यांग विद्यार्थ्याची शाळा सुटायला तीन वर्षं उरली की पुढे त्याला काय काय एकट्याने जमायला हवं हे ठरवायला आम्ही पहिली बैठक घेतो. शेवटच्या वर्षावर सोडलं तर प्रवास, पैसे, औषधं, कामाचा सराव असं सगळं एकदम अंगावर येतं आणि धास्तावलेले घरचे पुन्हा सगळं स्वतःच करू लागतात.

बैठकीला विद्यार्थी असायलाच हवा. सोबत पालक, विशेष शिक्षक, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ) आणि कामाच्या ठिकाणचं एक माणूस. विद्यार्थी बोलत नसेल तर आधीचा आठवडाभर त्याच्याकडून फोटो निवडून घेतो : कुठे जायचंय, काय एकट्याने करायचंय. त्याची आणि पालकांची यादी क्वचितच जुळते. कागदावर त्याची आधी येते. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या कराराचं 19 वं कलम हेच सांगतं, की कुठे आणि कोणासोबत राहायचं हे निवडायचा हक्क त्याचा आहे.

मग एकच काम धरायचं. बसप्रवासाचे आम्ही 19 टप्पे पाडले. प्रत्येक टप्प्यापुढे रोज एक खूण : 'स्व' म्हणजे स्वतः केलं, 'इ' इशारा लागला, 'तों' तोंडी सांगावं लागलं, 'दा' करून दाखवलं, 'हा' हात धरला. सोबत जाईल त्याने त्याच दिवशी तक्ता भरायचा.

गाडी अडते ती बहुतेक उतरण्याच्या टप्प्यावर. शाळेच्या तक्त्यात 'स्व', घरच्या तक्त्यात 'तों'. नीट पाहिलं की कळतं, घरचं माणूस स्टॉप यायच्या आधीच नकळत "चल, ऊठ" म्हणतं. मुलगा स्टॉपची नव्हे, त्या आवाजाची वाट बघत असतो. तोंडी सूचना सोडवणं सगळ्यात अवघड, कारण देणाऱ्यालाच ती जाणवत नाही. उपाय साधा : आपल्या स्टॉपच्या आधी दिसणाऱ्या ठळक खुणेचा, समजा पाण्याच्या टाकीचा, फोटो त्याच्या हातात द्यायचा. टाकी दिसल्यावर मनातल्या मनात पाच अंक मोजायचे, तरी हालचाल नसेल तर फोटोकडे बोट दाखवायचं. बोलायचं नाही.

सलग पाच दिवस सगळीकडे 'स्व' आलं की सोबतीने एक पाऊल मागे घ्यायचं : शेजारची सीट, मागची सीट, मग फक्त स्टॉपवर थांबणं. दोन दिवस चुकलं तर एकच पाऊल पुढे यायचं, पुन्हा पहिल्यापासून नको. पालकांना हे फार जड जातं, म्हणून प्रत्येक पावलाची अपेक्षित तारीख त्यांच्याशी बोलूनच लिहितो.

बिघाडाचाही सराव लागतो. चुकीची बस, हुकलेला स्टॉप, बंद पडलेला फोन, प्रत्येक निदान तीनदा. "कुठे आहेस?" याला नुसतं "इथे" असं उत्तर येतं, त्यामुळे समोरच्या पाटीचा फोटो पाठवायला शिकवतो. खिशात दोन नंबरांचं कार्ड असतंच.

औषधांना सात खणांची डबी आणि मोबाइलचा गजर बहुतेकांना पुरतो. डॉक्टरांकडे मात्र पहिलं वाक्य त्याचं. आईने नंतर भर घालावी.

कामाच्या ठिकाणी जाड फाइल कोणी वाचत नाही. तिथे एकच पान देतो : काय स्वतः करतो, कोणते शब्द वापरायचे, किती वेळ थांबायचं, गोंधळला तर काय करायचं.

शाळा सुटल्यावर तीन महिने दर पंधरवड्याला फोन करतो. घंटा नसते, वेळापत्रक नसतं, त्यामुळे सगळ्यात आधी सकाळचं उठणं ढासळतं. म्हणून पहिला प्रश्न कामाबद्दल नसतो. आज किती वाजता उठलास, हा असतो. आणि तो त्यालाच विचारतो.