मस्काराचे ६५० रुपये परत मिळाले एकदाचे!

मावसबहिणीच्या लग्नासाठी ऑनलाइन वॉटरप्रूफ मस्कारा मागवला, कारण पाठवणीला मी रडणार हे अख्ख्या घराला माहीत होतं. पार्सल वेळेत आलं.

उघडला तर ब्रशला काळे गोळे. लावला की पापण्या डांबर फासल्यासारख्या एकमेकींना चिकटल्या. खोक्यावरची उत्पादनाची तारीख बघितली, अडीच वर्षांपूर्वीची! आई म्हणाली, थोडं पाणी घाल की त्यात. अजिबात घालू नका, जंतू वाढतात आणि ते सरळ डोळ्यात जातात.

मग रिटर्न करायला गेले तर अ‍ॅपमध्ये रिटर्नचं बटणच नाही. चॅटवर उत्तर आलं, डोळ्यांचं प्रॉडक्ट आहे, हायजीनमुळे परत घेत नाही. अहो पण खराब निघालंय ना! फोटो पाठवा म्हणाले, पाठवले. दुसरा एजंट आला, फोटो पाठवा. परत पाठवले. तिसरा म्हणे ट्यूबवर 6M आहे, म्हणजे सहा महिने चालतो. अरे बाबा, ते उघडल्यापासूनचे सहा महिने, गोडाऊनमध्ये पडून वाळला त्याचं काय? चौथ्याला अनबॉक्सिंग, म्हणजे पार्सल उघडतानाचा व्हिडिओ हवा होता. मस्काराचा व्हिडिओ कोण काढतं? (आता मी काजळाचाही काढते, तुम्हीही काढा.) दर वेळी '४८ तासांत कळवतो' आणि मग तक्रार 'सोडवली' म्हणून बंद. अकरा दिवस हेच. मधे लग्न होऊन गेलं, साधं काजळ लावून गेले आणि पाठवणीच्या प्रत्येक फोटोत गालावर दोन काळे ओघळ आहेत.

शेवटी १९१५ ला फोन केला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. ते स्वतः निकाल देत नाहीत, तक्रार कंपनीकडे पाठवतात, पण तेवढ्यानेच काम झालं. बिल, तारखेचा फोटो, चॅटचे स्क्रीनशॉट सगळं दिलं. चौथ्या दिवशी कंपनीचाच फोन, 'मॅडम, गैरसोयीबद्दल सॉरी'. आता मॅडम! नंबर लक्षात राहत नसेल तर मेबलीन या मेकअप कंपनीची सुरुवातही १९१५ सालचीच (माझा मस्कारा त्यांचा नव्हता हं).

हो, आणि ब्रश ट्यूबमध्ये खालीवर ठासू नका, हवा जाऊन लवकर वाळतो. वॉटरप्रूफ नुसत्या फेसवॉशने निघत नाही, ऑइलवालं रिमूव्हर कापसावर घेऊन पापणीवर थोडा वेळ धरायचं, घासायचं नाही.

नवीन मस्कारा दुकानातून घेतला. काउंटरवरच चष्मा लावून तारीख वाचली, मागे रांग लागली होती तरी.